विस्तवाची ट्रंक : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं ते असं. तालुक्यातल्या शाळांना आळीपाळीने देता येईल अशी एक पत्र्याची ट्रंक करायची. तिच्यात चूल पेटवण्याची, विस्तव राखण्याची, दिवा लावण्याची जुनी साधनं आणि जळणाचे नमुने. सोबत शब्दांची वही. मुलांनी वस्तू हातात घ्यावी, वास घ्यावा, मग वहीत तिचं नाव शोधावं. शब्द आणि वस्तू माझ्याकडे. प्रयोगांची बाजू सरांकडे. विज्ञान शिकवून निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशात भिंग असतंच.

वही तूर्त अकारविल्हे चालू केली आहे: आगटी, आच, आर, आवा, इंगळ… मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आणि महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही टेबलावर आहेत. शब्द तिथे भरपूर मिळतात. पण ढलपी केवढी असली म्हणजे ढलपी आणि केवढी झाली की लाकूड, हे कोशात कसं मिळणार? ते सरपण फोडणाऱ्यालाच विचारायला हवं.

१५ नोव्हेंबर २०२४

कार्तिकी पौर्णिमा. कोजागिरीपासून पहाटे चाललेला देवळातला काकडा आज संपला. या काकड्याचा नमुना पुजाऱ्यांनी आनंदाने दिला: सुती कापडाची घट्ट पिळलेली, बोटापेक्षा जाड वात, तुपात भिजवलेली.

दुसरा काकडा जुन्या बाजारात मिळाला. पितळी स्टोव्हबरोबर यायचा तो, तारेचा चिमटा आणि टोकाला गुंडाळी. ज्यांच्या घरात पंपाचा स्टोव्ह होता त्यांना सांगायला नको. गुंडाळी स्पिरिटमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये बुडवायची, पेटवून बर्नरच्या नळीला लावायची आणि नळी चांगली तापली की मगच पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ निळी जळते. घाई केली तर रॉकेल तसंच वर येतं आणि छतापर्यंत पिवळा भडका. देवळातल्या वस्तूचं नाव स्वयंपाकघरातल्या तारेला ज्या कुणी दिलं त्याला दाद द्यावी. काम तेच आहे, मोठी ज्योत जागी करण्यासाठी आधी लावायची लहान ज्योत.

याच खणात पुढे पोत, दिवटी, पलिता, टेंभा, मशाल. सगळ्यांचं सूत्र कापड आणि तेल. कोकणातली चूड मात्र वेगळी ठेवली. तिला तेल लागत नाही. माडाची वाळलेली चुडतं बांधून केलेली ती मशाल, चालताना हलवत राहिलं तरच नीट जळते.

२४ नोव्हेंबर २०२४

आज सगळा दिवस वस्तीवर, आजींच्या चुलीपुढे. गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी चुलीवरच.

मी पिशवीतून काडेपेटी काढली तर म्हणाल्या, "काडी कशाला वढतीस पोरी? इस्तू हाय की."

उलथन्याने त्यांनी चुलीतली राख बाजूला केली. वरून थंडगार दिसणाऱ्या त्या ढिगात खाली शेणीचा एक काळा तुकडा होता आणि त्याची कड लाल होती. रात्रीची जेवणं झाली की जळती लाकडं मागे ओढायची, राखेत खुपसून विझवायची. पाणी मारायचं नाही, नाहीतर सकाळी तेच लाकूड धुपत बसतं. एक धट्टाकट्टा निखारा शेणीच्या तुकड्यावर ठेवायचा आणि वरून राख लोटायची. राखेतून हवा जेमतेम झिरपते, ऊब बाहेर जात नाही. शेण हळूहळू कुढत जळत राहतं. सरांनी याला "अपुऱ्या हवेतलं ज्वालेविना ज्वलन" असं काहीतरी लिहून दिलं आहे. वहीत मी 'धुमसणे' लिहिलं.

मग त्या लाल कडेवर चगळ टाकलं, म्हणजे वाळका पाचोळा, उसाच्या पाचटाचा चुरा, गोठ्यातला भुसा असं हाताला लागेल ते. त्यावर तुराट्या मोडून आडव्यातिडव्या. फुंकणी माझ्या हातात दिली आणि मी फुंकायला लागले तर हसल्या.

"फू फू करू नगं. त्यानं राख उडती आन् इस्तू तसाच बसतो. लांब फुंक. जीव घिऊन फुंक."

लांब फुंक म्हणजे सावकाश, एकसारखी. निखारा आधी केशरी झाला, मग पिवळा, चगळातून पांढरा दाट धूर आला आणि एकदम भप्प झालं. ही शेवटची पायरी सरांनी दोनदा करून बघितली. तो दाट धूर म्हणजे लाकडातून निघालेला जळाऊ वायूच. तो पुरेसा साठला आणि निखारा पुरेसा तापला की एका क्षणी सगळा पेटतो. म्हणून धूर फार झाला की बायका डोळे पुसत पुसत फुंकतच राहतात, सोडून देत नाहीत.

आता जळणाबद्दल. माझ्या यादीत 'सरपण' असा एकच शब्द होता. आजींनी त्याचे तुकडे केले. जाळासाठीचं जळण वेगळं, आरासाठीचं वेगळं. तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं, ज्वारीची धसकटं हे जाळाचं सामान. भडकन पेटतं, तव्याखाली ज्योत पसरते आणि लगेच संपतं. बाभळीचं लाकूड सावकाश पेटतं, पण त्याचा आर पडतो, म्हणजे जळून झाल्यावर निखाऱ्यांचा चांगला थर उरतो. भाकरीला दोन्ही लागतात. तव्यावर असताना खाली जाळ हवा, आणि तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली की समोर ओढलेला आर हवा, तेव्हा ती फुगते. नुसत्या जाळावर भाकरी करपते. नुसत्या आरावर तवा तापत नाही. एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने लाकूड पुढे-मागे सारून हे दोन्ही एकाच वेळी राखायचं. गॅसच्या शेगडीला एक कान पिळला की झालं, त्यामुळे ही कसब म्हणून कुणी मोजत नाही.

आंब्याचं लाकूड धुरकट, पण चालतं. सावर, शेवगा, पांगारा ही पोकळ पोटाची लाकडं, त्यांच्यात दम नाही. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालत नाहीत. का, तर नाही घालत.

विस्तव संपलाच तर? आजी उंबऱ्यात जाऊन उभ्या राहायच्या आणि कुणाच्या कौलातून धूर निघतो ते बघायच्या. मग खोलगट शेणी किंवा फुटक्या मडक्याची खापरी घेऊन तिकडे. निखारा त्या शेणीतच ठेवून आणायचा, वाटेत वारा लागून तो फुलतो आणि घरी येईपर्यंत शेणीही पेटलेली असते. काडेपेटी घरात असली तरी असंच करायचं. काडी भानवशीवर, म्हणजे चुलीमागच्या ओट्यावर, अडीनडीला.

"आन् त्या पलीकडल्या दोघा भावांच्या घरातनं इस्तू जात न्हवता," म्हणाल्या. आपण ही म्हण भांडणाबद्दल वापरतो. त्या मात्र खापरी हातात धरल्याची खूण करून सांगत होत्या.

१ डिसेंबर २०२४

अकारविल्हे मांडणी मोडली. सरांचा विरोध आहे. कोश म्हटला की अकारविल्हेच, मुलांना शोधायला सोपं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की आजींकडून परत आल्यावर वहीतले शब्द मी कामाप्रमाणे लावून बघितले आणि एक गोष्ट समोर आली. विस्तव नव्याने पाडण्याचे शब्द अगदी थोडे: ठिणगी पाडणे, चकमक झाडणे, मंथन, काडी ओढणे. आहे तो विस्तव राखण्याचे, वाढवण्याचे, हलवण्याचे, दुसऱ्याला देण्याचे शब्द मात्र पानं भरून. निखारा, इंगळ, आर, फुफाटा, धग, आच, ऊब. धुमसणे, कुढणे, फुलणे, फुलवणे, चेतवणे, सारणे, ओढणे, लोटणे. शिलगावणे हाही खरं तर एका विस्तवावरून दुसरा घेण्याचा, बिडीला बिडी लावण्याचा शब्द. रोजच्या जगण्यात आग 'तयार' करावी लागत नव्हती. ती कुणाच्या तरी घरात होतीच. अकारविल्हे लावलं की हे दिसतच नाही, आर आणि कुंभाराचा आवा नुसते शेजारी बसतात.

तडजोड झाली: वही कामाच्या क्रमाने, शेवटी अकारविल्हे सूची. सूची सर करणार.

खण असे: राखणे, मागणे, फुलवणे, जळण, नवा विस्तव, दिवा. विझवण्याचा खण लहानसा आहे. तिथे एवढंच नोंदवलं की दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा त्याला निरोप देतात, आणि चूल शांत करतात.

७ डिसेंबर २०२४

चंपाषष्ठी. ज्यांचं कुलदैवत खंडोबा त्यांच्या देवघरातली दिवटी-बुधली आज बाहेर निघते. दिवटीच्या तोंडात कापडाची चिंधी, बुधलीत तेल, ओतत ओतत तळी भरायची. जोड मागितली तर कुणी देणार नाही, आणि मागूही नये. फोटो लावू.

१५ डिसेंबर २०२४

चकमक. नावावरून ती एक वस्तू वाटते, पण ते त्रिकूट आहे: पोलाद, गार आणि ठिणगी झेलणारं काहीतरी. जुन्या माणसांच्या चंचीत पान-तंबाखूबरोबर हे तिन्ही असायचं.

पोलादाचा तुकडा लोहारकाकांनी जुन्या कानशीतून करून दिला. आधी साधी सळई आणली होती ती त्यांनी हातात घेऊन बाजूला टाकली. "ही मऊ. ठिणगी न्हाई द्यायची." कानस भट्टीत लाल केली, हातात धरता येईल अशी वाकवली, परत लाल केली आणि पाण्यात बुडवली. पाणी दिलं की पोलाद कडक होतं, ठिसूळही होतं. भाता आता विजेच्या पंख्याचा आहे. जुना कातड्याचा भाता मागे टांगलेला दिसला, पण तो विकायचा नाही म्हणाले.

गार शोधायला लांब जावं लागलं नाही. आपला सगळा डोंगर बेसॉल्टचा, लाव्हारस थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक असे सिलिकेचे दगड जमले. खडक झिजला की ते मोकळे होऊन ओढ्यात येतात. गोल गुळगुळीत गोटी मात्र चालत नाही. ती फोडून धारदार कड काढावी लागते. फोडताना डोळ्याला चष्मा लावायचा, हे वहीत ठळक लिहायचं आहे.

मुलांना वाटतं ठिणगी दगडातून येते. सरांनी पांढऱ्या कागदावर चकमक झाडली आणि पडलेली काळी धूळ भिंगाखाली दाखवली: बारीक गोळे, आणि ते लोहचुंबकाला चिकटतात. म्हणजे ठिणगी पोलादाचीच. गार पोलादाहून कठीण, ती त्याचा बारीक कीस काढते. घासण्याने तापलेला तो कीस हवेतल्या ऑक्सिजनशी भेटताच जळतो. गार फक्त रंध्याचं काम करते.

खरी अडचण तिसऱ्या वस्तूची. ठिणगी पडते, लुकलुकते आणि विझते. सावरीचा कापूस जुन्या उशीतून काढला (बोंडं आता कुठून मिळणार, ती उन्हाळ्यात फुटतात), पण कोरा कापूस ठिणगी धरायला कुरकुरतो. करपवला की लगेच धरतो. सुती चिरगुटाचंही तसंच. झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डबीत चिंधी भरून डबी विस्तवावर ठेवायची, भोकातून धूर यायचा थांबला की उतरवायची आणि गार झाल्याशिवाय उघडायची नाही. आतली काळी चिंधी ठिणगी लागताच कडेकडेने लाल होत जाते. ज्योत नाही, आवाज नाही. सह्याद्रीत आणि कोकणात याच कामाला भेर्ली माडाच्या झावळीच्या बुंध्याशी असलेला भुरा, लोकरीसारखा कापूसही वापरत. तो मिळवायचा आहे.

मग ती लाल चिंधी सुंभाच्या उकललेल्या काथ्यात गुंडाळायची आणि आजींची लांब फुंक. म्हणजे इथेही अर्ध्याहून जास्त काम फुलवण्याचंच.

२२ डिसेंबर २०२४

निखाऱ्यापासून ज्योत करायला प्रत्येक वेळी फुंकत बसायचं का? नाही, त्यासाठी गंधकाच्या काड्या होत्या. ताग सोलल्यावर उरणारी सणकाडी हलकी, पोकळ आणि फुकट. तिचं टोक वितळलेल्या गंधकात बुडवायचं. अशी काडी कुठेही ओढली तरी पेटत नाही. निखाऱ्याला टेकवली की निळी ज्योत घेऊन वर येते. लाकूड पेटायला जेवढं तापावं लागतं त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला, सुमारे अडीचशे अंशांच्या आतच, गंधक पेटतो. तेवढी उष्णता चिमूटभर विस्तवातही असते.

सरांनी अंगणात करून दाखवली. खोकला सगळ्यांना आला. शाळेच्या वर्गात हा प्रयोग नको.

५ जानेवारी २०२५

काडेपेटीची नोंद लिहायला घेतली आणि लांबली. काडेपेटी, आगपेटी, माचिस तिन्ही मथळे एकत्र केले.

ओढून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली विकायला काढली. पुढे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या आल्या. त्या कशावरही घासल्या तरी पेटत, म्हणून लोकांना आवडल्या, आणि त्या बनवणाऱ्या मजुरांचा जबडा कुजत असे. १९०६च्या बर्न करारानंतर देशोदेशी त्यांच्यावर बंदी आली, हिंदुस्थानात ती १९१३च्या कायद्याने. आपण वापरतो ती सुरक्षित काडी स्वीडनमधली. १८४४ मध्ये गुस्टाफ एरिक पाश याने युक्ती काढली ती वेगळेपणाची: पेटवणारे दोन पदार्थ दोन ठिकाणी ठेवायचे. काडीच्या टोकाच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस, काचेची पूड. पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस. काडी कडेला घासली की कणभर तांबड्या फॉस्फरसचा पांढरा होतो, तो भडकतो आणि गुल पेटतो. म्हणून ही काडी भिंतीवर ओढून काही होत नाही.

आपल्याकडे सुरुवातीला पेट्या बाहेरून येत. १९२२ मध्ये आयात जकात वाढली आणि इथेच कारखाना काढणं परवडायला लागलं. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, उभी राहिली. तिच्या अंबरनाथच्या कारखान्यामुळे त्या गावाचं नाव कितीतरी पेट्यांवर घरोघर पोचलं. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आले आणि कोरड्या हवेच्या त्या गावात हाताने काड्या करण्याचे कारखाने निघाले. १ डिसेंबर २०२१ला पेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली, चौदा वर्षांनी. एवढी स्वस्त वस्तू इतकी वर्षं एका किमतीला राहिली, याचं मला तरी अजून नवल वाटतं.

काडीच्या लाकडासाठी आपल्याकडे सावर फार वापरली गेली. आजींच्या मते दम नसलेलं लाकूड, आणि काडीला तेच हवं: मऊ, सरळ सोलणारं, चटकन पेटणारं. चकमकीचा कापूसही तिचाच. सावरीचं एक पान वहीत चिकटवायचं.

दोन गोष्टी सरांनी सांगितल्या त्या मला ठाऊक नव्हत्या. काडी मेणात बुडवलेली असते, त्यामुळे गुलाची ज्योत लाकडावर उतरते. आणि काडीचं लाकूड अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेलं असतं, फुंकर मारल्यावर टोक लाल राहू नये म्हणून. आम्ही काडी आणि तेवढ्याच जाडीची तुराटी शेजारी पेटवून विझवली. तुराटीचं टोक बराच वेळ लाल होतं, काडी तिथल्या तिथे काळी. निखारा मागे राहू नये यासाठी मुद्दाम औषध लावलेलं हे सरपण! आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग ती काय कामाची?"

१९ जानेवारी २०२५

गुऱ्हाळावर. रस काढल्यावर उरलेलं चिपाड वाळवून तेच चुलवाणात घालतात, ऊस स्वतःच्याच जाळावर शिजतो. जाळ घालणारा कढईकडे बघत नाही, गुळव्याकडे बघतो. गूळ उतरायच्या वेळी जाळ तोडला नाही तर सगळा घाणा करपतो. चिपाडाची पेंडी घेतली. पाचट मात्र अजून बऱ्याच ठिकाणी शेतातच जाळतात. पुण्याच्या 'आरती' संस्थेने पाचटाचा कोळसा करून कांडी कोळसा बनवण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांचा नमुना मागवू.

शेणीचा खण आज भरला. शेणी, गवरी, गोवरी, शेणकूट एकाच वस्तूची नावं. रचलेल्या ढिगाला कुणी हुडवी म्हणतं, कुणी कलवड. वरून शेणानेच लिंपून पावसाळ्यासाठी छप्पर करतात. रानशेणी निराळी. ती थापलेली नसते, माळावर जनावराने टाकलेली आणि उन्हात जशीच्या तशी वाळलेली. भस्मं करणारे वैद्य हिलाच वनोपल म्हणतात. गजपुट ही भस्म भाजण्याची एक रीत. तिला खड्ड्यात औषधाच्या संपुटाखाली, म्हणजे बंद केलेल्या मातीच्या भांड्याखाली, हजार आणि वर पाचशे, हे जुन्या ग्रंथांतलं माप. थर्मामीटर नव्हता तेव्हा उष्णता शेणी मोजून सांगितली जात होती.

पुण्याहून मैत्रिणीने बंबफोड पाठवली. वखारीतून विकत आणायची ही हातभर लांबीची फोडलेली लाकडं, तांब्याच्या बंबाच्या नळकांड्यात बसतील अशी. आता बंब दिवाणखान्यात फुलं ठेवायला उभे आहेत.

२ फेब्रुवारी २०२५

मराठवाड्यातल्या एका अग्निहोत्री घरी अरणी बघायला मिळाल्या. हात लावायचा नाही, लांबून. परंपरेने लाकूड शमीवर उगवलेल्या अश्वत्थाचं. खालची आडवी फळी अधरारणी. उत्तरारणीतून काढलेला तुकडा बसवलेला उभा दांडा म्हणजे मंथा. वरून दाबून धरायची ती ओविली. दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी म्हणजे नेत्र. एकाने ओविली दाबायची, दुसऱ्याने दोरी आळीपाळीने ओढायची. ताक घुसळणारी रवी डोळ्यासमोर आणली की वेगळं चित्र काढायला नको, आणि मंथन हा शब्दही तोच.

खाचेत आधी तपकिरी भुकटी जमते, मग काळी, मग ती काळी भुकटी आपली आपण धुरायला लागते. ज्योत इथेही लगेच येत नाही. ती धुरणारी भुकटी वाळल्या शेणाच्या चुऱ्यावर आणि काथ्यावर घेऊन फुंकावी लागते. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातल्या एकोणतिसाव्या सूक्तात अग्नी अरणींमध्ये गर्भासारखा ठेवलेला आहे असं म्हटलंय. लाकडातच आहे, बाहेर काढायचा.

मला जास्त रस पुढच्या माहितीत वाटला. मंथन रोज करत नाहीत. तीन अग्नींपैकी गार्हपत्याचं कुंड गोल, त्यातला अग्नी कायम राखायचा. चौकोनी आहवनीय आणि अर्धगोल दक्षिणाग्नी त्यातूनच घ्यायचे. प्रवासाला निघताना अरणी अग्नीवर तापवून त्यात अग्नीचा समारोप करायचा, म्हणजे अग्नी अरणींत उतरवून ठेवायचा, मुक्कामी पोचल्यावर मंथन करून तोच परत काढायचा. यजमान म्हणाले, "नवा नव्हे, तोच." वहीत अरणी 'नवा विस्तव' या खणात होती. आता तिथून 'राखणे' मध्ये तिचा निर्देश दिला. सरांनी मान डोलावली नाही, पण हरकतही घेतली नाही.

१४ मार्च २०२५

काल होळी, आज धुळवड. होळीसाठी एरंड मधोमध, भोवती शेणी आणि लाकडं. विदर्भातून चाकोल्यांची, म्हणजे भोकाच्या छोट्या शेणींची, माळ आली होती, ती आम्ही न जाळता ट्रंकेत ठेवली. पोरांना हे पटलं नाही.

सकाळी वाडीतल्या दोन घरांनी होळीतला विस्तव घमेल्यात घरी नेला आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. 'मागणे' या खणाला वर्षातून एकदा तरी जिवंत उदाहरण आहे, तिथे फोटो लावला. पाणी तापवायला तांब्याचा बंब मिळाला नाही, ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. चालेल, फोटोत तेच राहू दे.

६ एप्रिल २०२५

घाटाखाली राब, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्याचं काम. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी शेण, त्यावर कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या कोवळ्या फांद्या, त्यावर पाला आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. माती कशाला, तर भडका होऊ नये म्हणून. पेटवतात तेही वारा जिकडे जातो त्या टोकाकडून. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध, रांगत येते. पेटवणाऱ्या दादांना विचारलं, वाऱ्याच्या बाजूने लावली तर लवकर नाही का होणार? "लवकर हुईल ताई, पर भुई भाजायची न्हाई." तण आणि त्यांचं बी खालच्या मातीत मरायला हवं, वरचं गवत जळून उपयोग नाही. राख खत होते ते वेगळं.

या कवळावरून ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोठा तंटा झाला होता. जंगलखात्याने फांद्या तोडायला बंधनं घातली आणि शेतकरी म्हणाले, राब नाही तर भात नाही. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनपुढे हाच मोठा प्रश्न होता, १८८७ मध्ये अहवाल आला. वहीत 'कवळ' शब्दापुढे एवढं लिहिलं तर मुलांना तो शब्द भांडण्याइतका मोठा का होता ते कळेल.

राबाची भाजलेली माती एका बरणीत, शेजारच्या न भाजलेल्या वाफ्यातली दुसऱ्या बरणीत. दोन्हींत पाणी घालून तण कुठे उगवतं ते शाळेतच बघता येईल. हा प्रयोग सरांनी आधी घरी लावला आहे.

ट्रंकेत गंधक, गुलाच्या काड्या आणि रॉकेल जाणार नाही. चकमक जाईल, पण पोलाद आणि गार वेगवेगळ्या खणांत, किल्ली शिक्षकांकडे. करपवलेली चिंधी द्यायची की नाही यावर अजून ठरलेलं नाही. सर म्हणतात द्यावी. भेर्ली माडाचा कापूस चिपळूणहून यायचा आहे. सूची 'ध' पर्यंत झाली.